आतलं ठिगळ

११ फेब्रुवारी

प्रिय ठोंब्या,

फोनवर तू "हो ताई, हो ताई" म्हणतोस आणि त्याच वेळी दुसऱ्या कुणाला तरी हातवारे करत असतोस, हे मला इथे बसून कळतं. म्हणून हे पत्र. पत्राला निदान "थांब हं, दुसरा फोन येतोय" असं सांगता येत नाही.

आई बरी आहे. डोळ्यांना आता दारात उभा असलेला माणूस बाई आहे की बाप्या एवढंच कळतं, पण कान असे तिखट की वर्कशॉपमध्ये माझा रंधा जरा अडखळला की आतून हाक येते, "गाठ लागली का गं?" रोज तुझी चौकशी करते. मी म्हणते, अगं आई, पन्नाशीला आला तो, त्याला कामं असतात. तर म्हणते, "असेना. लहानच आहे तो."

बरं, अभिनंदन करायचं राहिलं. इथल्या शाळेतल्या संगीताच्या बाई मागच्या आठवड्यात एक गिटार घेऊन आल्या. तिसऱ्या पडद्यावर तार झणझणत होती. कारखान्यातली, कोरी करकरीत. आत बघते तर लेबलावर तुझं नाव, आणि खाली तुझी ती लांब शेपटीची सही! तुझ्या नावाची गिटार बाजारात येते आणि तुझ्या बहिणीला ते गिऱ्हाइकाकडून कळतं, शाब्बास. बाईंना मी सांगितलं नाही की हा माझा भाऊ. म्हटलं, आधी खात्री करून घेऊ, त्याच नावाचा दुसरा कुणी मोठा माणूस असायचा.

तुझ्याकडे एक छोटं काम आहे. मी तुला केलेल्या गिटारीला आतून ठिगळ आहे, आठवतंय ना? तुझ्या पहिल्या मोठ्या कार्यक्रमाच्या सकाळी तू ती जिन्यावरून पाडलीस, वरची फळी, तारा अडकवतात त्या ब्रिजच्या खाली, चिरली, आणि तू पायरीवर बसून भोकाड पसरलंस, एवढा मोठा घोडा. मी चीर सरसाने जुळवली आणि ती पुन्हा उघडू नये म्हणून आतून ठिगळ लावलं. हाताशी चांगलं वाळलेलं लाकूड नव्हतं, म्हणून आईच्या बटणांच्या लाकडी डबीचं झाकण कापलं. फळीला आतून आधार देणाऱ्या दोन पट्ट्यांच्या मध्ये बसवायचं म्हणून त्याची टोकं घासली, तर ते पानासारखं दिसायला लागलं. वर पटाशी निसटून एका कडेचा टवका उडाला. आत कोण बघायला जातंय म्हणून तसंच चिकटवून टाकलं.

त्या ठिगळाची मला अलीकडे काळजी वाटते. कोरड्या हवेत सरस सुटतो. एक छोटा आरसा आणि बॅटरी घे, मधल्या भोकातून आत बघ, आणि ते जागेवर आहे का कळव. दुसऱ्या कुणाला बघायला सांगू नकोस, तूच बघ.

तुझी,
ताई


३ मार्च

प्रिय भावा,

तुझं पत्र मिळालं. "रोज तिच्यावरच रियाज करतो. आरसा घालून पाहिलं, ठिगळ दगडासारखं घट्ट आहे. तुझ्या हातची गोष्टच वेगळी, ताई." आईला वाचून दाखवलं तेव्हा ती अशी हसली की तिचं सगळं तोंड त्यात आलं. नंतर मी एकटीने पुन्हा वाचलं. अक्षर सुधारलंय तुझं.

आता मी मागच्या पत्रात काय लिहिलं नव्हतं ते सांगते.

बाईंची गिटार झणझणत का होती ते बघायला मी सवयीप्रमाणे आत आरसा घातला. समोर ठिगळ होतं. ब्रिजच्या खाली, दोन पट्ट्यांच्या मध्ये, पानासारखं. त्याच्या एका कडेला टवका उडालेला. मी आरसा काढला, चष्मा पुसला, पुन्हा घातला. मग बाहेरून फळी दिव्याखाली धरून इंच इंच पाहिली. चीर कुठेच नाही. चीर कधी नव्हतीच. जखम नाही आणि पट्टी मात्र बांधलेली.

बाई म्हणाल्या, "ते पान बघताय ना? त्याच्यामुळेच तर घेतली." आणि त्यांनी गिटारीबरोबर आलेली माहितीची पत्रिका काढून दिली. त्या पानाला म्हणे 'ध्वनिपर्ण' म्हणतात. जुन्या कारागिरांच्या हातचं लुप्त झालेलं रहस्य, कारखान्याने पुन्हा शोधून काढलेलं. बाई गेल्यावर मी इतकी हसले की आईने आतून विचारलं, कोण आलंय? मग हसता हसता मला रडू आलं ते थांबेचना. आईला म्हटलं, भुसा गेला डोळ्यांत.

आणि मान! तुझ्या गिटारीची मान मी तुझ्या डाव्या करंगळीसाठी एका बाजूने पातळ केली होती. ती करंगळी तू लहानपणी दारात चेचून घेतलीस आणि ती वाकडीच राहिली, म्हणून तुला तिकडे जागा जास्त लागते. कारखान्याने तीही तशीच घेतलीय. बाई म्हणतात, मुलांची बोटं त्या बाजूला घसरतात, पण ते 'खास वळण' आहे, सवय करावी लागते. म्हणजे शाळाभर धडधाकट बोटांची मुलं आता तुझ्या मोडक्या करंगळीच्या मापावर गिटार शिकतायत.

ते ठिगळ जगात एकाच गिटारीत आहे. ती तू दिल्याशिवाय त्यांच्या हाती लागणं शक्य नाही. तर खरं सांग, मापं घ्यायला दिलीस ना? दिली असशील तर दिली. मला मशीनचा राग नाही. मी ती गिटार नीट वाजवून पाहिली, वाईट निघेल अशी आशा ठेवून वाजवली, आणि ती चांगली निघाली. खालचा सूर जरा लाकडी आहे, वरचे मोकळे आहेत, पडदे सरळ. झणझण होती ती एका पडद्याच्या केसभर उंचवट्याची, मी कानस फिरवली आणि गेली. मला एक गिटार करायला सगळा हिवाळा लागतो. त्या शाळेतल्या मुलांच्या हातात माझी गिटार कधीच पडणार नव्हती, हे मलाही कळतं.

मला फक्त एवढंच लागलं की तू विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर मी आधी चार शिव्या घातल्या असत्या, मग म्हटलं असतं, ने, पण ते ठिगळ तेवढं गाळायला सांग. मला ओळखतोस तू. का रे विचारलं नाहीस?

गिटार तुझ्याजवळच आहे ना?

ताई


२२ मार्च

तुझ्या त्या दगडासारख्या घट्ट ठिगळाची एक कड सुटलीय. आत्ताच बोट घालून पाहिलं.

तुझ्या उत्तराची वाट पाहत होते. उत्तर आलं नाही, पण गिटार आली. कारखान्याचा इंजिनिअर स्वतः गाडीत मागच्या सीटवर पट्टा लावून घेऊन आला, एखाद्या पेशंटला आणावं तसं. त्यांच्या प्रदर्शनाच्या दालनात काचेच्या पेटीत ठेवली होती म्हणे. तिथली हवा यंत्राने कोरडी केलेली, फळी आक्रसली आणि जुनी चीर उघडली. म्हणाला, "आमच्याकडे नवीन बनवायला माणसं आहेत, जुनं सांभाळायला कुणी नाही. वाद्यांच्या दुकानात तुमचं नाव कळलं." माझं नाव लग्नानंतरचं, त्यामुळे मी तुझी कोण ते त्याला कळायचं कारण नव्हतं. मीही सांगितलं नाही. का सांगितलं नाही? तू तोंडघशी पडू नयेस म्हणून. सवय आहे मला तुला झाकायची, लगेच जात नाही.

मुलगा चांगला आहे. मुलगा म्हणजे चाळिशीचा असेल. फळी बोटाच्या गाठीने वाजवून ऐकतो, नुसता कागदावरचा नाही. चिरेवर उजेड पाडून बराच वेळ बघत राहिला, मग हळूच म्हणाला, "ही चीर जुनी आहे. म्हणजे हे पान..."

"तुम्ही त्याला काय म्हणता?" मी विचारलं.

"ध्वनिपर्ण."

"आम्ही ठिगळ म्हणतो."

त्याचे कान लाल झाले, आणि मग तो खुर्चीत बसून हसायलाच लागला. "ज्यांनी ही गिटार आम्हाला दिली त्यांना मी विचारलं होतं हो! चार वेळा विचारलं. म्हणाले, ते गुपित आहे, बनवणाऱ्या म्हाताऱ्याने मरताना फक्त मला सांगितलं."

मी विचारलं, कोण म्हातारा?

त्याने सगळं सांगितलं, अगदी भाबडेपणाने. आई आत झोपली होती म्हणून बरं. एका आडगावातला म्हातारा कारागीर, एकटा, कुणाला ठाऊक नसलेला. तू त्याच्याकडून ही गिटार घेतलीस आणि पुढे तो वारला. ते सगळं त्यांच्या दालनात भिंतीवर लिहिलंय. म्हणून तर लोकांना ती गिटार हवीशी वाटते, असं तो म्हणाला.

मला बाप्या केलंस, म्हातारं केलंस आणि मारूनही टाकलंस. एका दमात.

मी गिटार हातात घेतली आणि आत माझं लेबल शोधलं. नाहीये. वाफ देऊन काढलंय, लाकडाला जराही इजा न करता, फक्त तेवढ्या जागेवर फिकट चौकोन राहिलाय. वाफ देऊन लेबल कसं काढायचं ते बाबांनी आपल्या दोघांना ह्याच ओट्यावर शिकवलं होतं. तू हे काम कुणा परक्याकडून करून घेतलं असतंस तर मला कमी लागलं असतं. ते तुझ्याच हातचं आहे. इतकं स्वच्छ दुसऱ्या कुणाला जमणार नाही.

आणि 'रोज तिच्यावरच रियाज करतो.' ती त्यांची आहे. तू ती त्यांना देऊन टाकलीस, कायमची, हे मला त्याच्याकडून कळलं.

तो गेल्यावर मी गिटार ओट्यावर ठेवून तारा उतरवत होते. एक तार निसटून वाजली. आतून आईचा आवाज आला, "आला का गं तो?" आणि भिंतीला हात लावत ती वर्कशॉपच्या दारापर्यंत आली. केस सारखे करत आली. मी म्हटलं, नाही गं, त्याने गिटार दुरुस्तीला पाठवलीय. "मग न्यायला येईल," ती म्हणाली आणि तिथेच स्टुलावर बसून राहिली.

तू खोटं बोललास ते बोललास. आता मलाही तिच्याशी खोटं बोलायला लावलंस.

ताई


९ एप्रिल

भावा,

तुझ्याकडून अजून काही नाही. म्हणून मीच कळवते, तुला दुसऱ्याकडून कळू नये. बघ, काही लोक असं करतात.

मी ती दुरुस्त केली. नाही करावी असं दोन-तीन दिवस मनात होतं. येता-जाता दिसू नये म्हणून तिला कापडाने झाकून ठेवली होती. मग वाटलं, चीर पडली त्यात लाकडाचा काय दोष? फळीला ओल दिली, चीर मिटली, नवा सरस भरला, ठिगळ होतं तिथेच पक्कं केलं. टवकाही तसाच ठेवला. लेबल लावलं नाही. मालकी त्यांची, मी कोण लावणार?

काल इंजिनिअर न्यायला आला. तारा चढवून दाखवा म्हणाला, मी दाखवलं. त्याने वाजवलं आणि डोळे मिटून बसला. म्हणाला, "आमची मापं केसाच्या जाडीइतकी बरोबर आहेत. तरी हे काही आमच्यात येत नाही. का, ते मला कळत नाही." मी म्हटलं, फळीची मापं घेतलीत, पण फळी दुसरी ना. ही जरा जास्त ताठ होती, म्हणून मी ती ऐकून ऐकून कडेला पातळ केली. दुसरी असती तर वेगळी केली असती. त्याने माझेच शब्द उचलले, "मी केली...?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं मी काय बोलून गेले. मी सावरून घेणार होते रे. खरंच सावरून घेणार होते, "मी केली असती" असं म्हणायचं होतं, वगैरे काहीतरी. पण तो भाबडेपणाने पुढे म्हणाला, "तो म्हातारा असता तर त्याला विचारलं असतं," आणि आतून आई खणखणीत आवाजात म्हणाली,

"म्हातारा कोण? माझ्या लेकीनं केलीय ती. माझ्या लेकासाठी. माझ्या बटणांच्या डबीचं झाकण घातलंय तिच्यात, विचारा तिला!"

तो माझ्याकडे बघत राहिला. मी ओट्यावरचा भुसा झटकत राहिले. आत आई एकटीच बडबडत होती की बटणं अजून पिशवीत पडलीयत.

"तुम्ही पहिल्या दिवशीच का नाही सांगितलंत?" त्याने विचारलं. माझा भाऊ आहे तो, एवढंच म्हणाले. त्याने मान हलवली. जाताना म्हणाला, "मला हे वर सांगावं लागेल, ताई. मला तुमच्या भावाचं वाईट करायचं नाही, पण ती भिंत खोटी आहे आणि खाली माझीही सही आहे." खरं आहे त्याचं. मी त्याला अडवलं नाही.

आता तुला विचारतील. त्याआधी तूच त्यांना खरं सांग. अजून वेळ आहे. सांगितलंस तर मी तुला शिव्या घालीन, मग तू इथे ये, आई तुझ्या डोक्यावरून हात फिरवील आणि आपण पुढे जाऊ. मला कारखान्याच्या पैशात वाटा नको, नाव नको. मला माझा भाऊ खरं बोलताना ऐकायचाय, बस.

ताई


३० एप्रिल

तुझं पत्र आलं. बरंच मोठं आहे. इतकं मोठं पत्र तू मला कधी लिहिलं नव्हतंस.

कंपनीला गोष्ट हवी होती, तू लिहितोस, आणि मेलेल्या माणसाची गोष्ट सोपी जाते. मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, असंही लिहितोस. आणि नाव तुझं काय, माझं काय, घरातच राहिलं ना, असं विचारतोस. नाही राहिलं. घरात मी राहिले, आणि आई.

हे सगळं मी गिळलं असतं. पण मग ते वाक्य आहे: "इंजिनिअरचा फोन येईल, त्याला सांग की आईचं वय झालंय, ती काहीबाही बोलते, तिचं मनावर घेऊ नका."

तुझी पत्रं मी आईला नेहमी वाचून दाखवते. काही गाळते, काही पदरचं घालते, तिला बरं वाटावं म्हणून. ह्या वेळी काहीच गाळलं नाही. मी तिचा छळ केला असं म्हण हवं तर, पण मला आता तुझ्यासाठी एकही शब्द बदलायचा नव्हता. तिने ऐकलं. ते वाक्य पुन्हा वाच म्हणाली. वाचलं. मग पदराची कड बोटांनी चाचपत तिने विचारलं, "बाकी बरा आहे ना तो?"

हो म्हटलं. बरा आहे.

इंजिनिअरचा फोन आला होता. मी सांगितलं, माझ्या आईचं डोकं तुमच्या-माझ्यापेक्षा ताळ्यावर आहे. गिटार मी केली, ठिगळ मी लावलं, आणि लेबल माझ्या भावाने काढलं. लिहून घ्या. पुढच्या गिटारींवर तुमचं नाव घालू का, असं त्याने विचारलं. नको म्हटलं. ज्या मी केल्या नाहीत त्यांच्यावर माझं नाव कशाला? त्याला ते पटलं. भिंत ते पुसतायत. ध्वनिपर्ण मात्र ठेवणार आहेत, लोकांना आवडतं म्हणे. तुझं काय करायचं ते त्यांचं ते बघतील. मी तुझ्या बाजूनेही बोलले नाही आणि विरुद्धही नाही. पहिल्यांदाच.

आता तुझं शेवटचं पान. "ताई, अजून एक कर ना. माझ्या नावाच्या गिटारीवर मला सूरच सापडत नाही, हात परका वाटतो. हिवाळ्यानंतरच्या दौऱ्याला हवी. तुझ्याइतकं माझ्या हाताला दुसरं कुणी ओळखत नाही. फक्त आत लेबल कंपनीचं लाव, करारात तसं आहे. लेबल मी पाठवून देतो."

हे मी ओट्याशी उभी राहून वाचलं. म्हणजे तुला कळत होतं. कोणती गिटार कुणाची आहे, तिची किंमत कशात आहे, हे तुझ्या कानांना पहिल्यापासून कळत होतं. तुला कळत नाही म्हणून तू हे केलंस अशी मी आजवर मनाची समजूत घालत होते. ठोंब्या म्हणत होते तुला.

रागात मी काय काय लिहिलं होतं, ते सगळं फाडलं. तुला गिटार हवी आहे आणि दौरा आहे, तर गिटार पाठवते आहे. काल वाद्यांच्या दुकानात जाऊन निवडून आणली. त्यांच्याकडे ओळीने टांगल्या होत्या, एकसारख्या एक, मी एकेक उतरवून वाजवली आणि त्यातल्या त्यात बरी ती घेतली. तू म्हणालास तसंच लेबल आत आहे, तुझी सहीही आहे. करारात बसते. पडदे तपासले, एका ठिकाणी हात फिरवावा लागला. बाकी मी तिला काही केलेलं नाही.

वाईट नाही ती. शाळेतली मुलं तिच्यावर शिकतात. तूही शिकशील.

खोक्यात तिच्या मानेखाली कापड घातलंय, ते काढून टाक. आणि प्रवासात मानेवर ताण येऊ नये म्हणून तारा पार सैल सोडल्यात. सुरात तुझी तू लाव.